बोंडअळीचे सहकुटुंब आमंत्रण

विठ्ठला, आधी तुझे चरण, गाऱ्हाणे मागाहून... तर मंडळी, तुम्हीच सांगा, जुने पुसून नव्याने लिहायला असे कितीसे कष्ट पडतात हो? वामनरावांचे म्हणणे एवढेच होते. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात भजनी मंडळ चालवणारे हे वामनराव. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने अख्ख्या शिवाराचा कापूस आतून पोखरला, कारण एकाच्या वावरात अळी शिरली तरी शेजाऱ्याला कळायला पंधरवडा जाई. म्हणून यंदा त्यांनी घरोघर हिंडून मोबाइल नंबर गोळा केले, "अळी दिसली का त्याच दिवशी निरोप येईन, हा माहा शब्द हाय," असे देवळात उभे राहून सांगितले, आणि निरोप धाडणारा प्रोग्राम करायला बसवली यास्मीन, कापडवाल्या हुसेनभाईंची लेक, अमरावतीहून संगणक शिकून आलेली.

आता तिने काय करावे? मंडळाच्या भजनांचे निरोप धाडायला तिनेच पूर्वी केलेला प्रोग्राम उचलला, तोच. वामनराव शेजारी स्टुलावर, चष्मा पुसत.

"नवा नाही लिहत काहून, बेटा?"

"लिहेल हाय ना चाचाजी, मंग पुन्हा काहून लिहू?"

"पण तो भजनाचा. अन् वापरून वापरून झिजत नाही का?"

"तुमी एका चालीवर किती अभंग म्हणता? चाल झिजली का?"

वामनरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण कुतूहल काही शमेना. चाल तीच ठेवून शब्द बदलले तर अभंग बदलतो, हे ठीक. पण शब्द अर्धेच बदलले तर काय होते... कोणाला ठाऊक?

झाले तसेच. भजनाच्या जागी तिने बोंडअळी घातली, घराच्या जागी वावर. आणि निरोपाच्या खालच्या ओळी? त्या लिहिलेल्याच होत्या, मग पुन्हा कशाला वाचायच्या... श्रावणातल्या एका सकाळी गावातल्या देवमनच्या पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, अळी सापडली आणि गावातला प्रत्येक फोन वाजला: "आज दुपारी देवमन यांच्या वावरात गुलाबी बोंडअळी. सर्वांनी सहकुटुंब यावे. सोबत टाळ आणावेत. महाप्रसादाचा लाभ घ्यावा. आपला, वामनराव."

वामनरावांच्या पत्नी दुर्गाबाई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या, "अळीले नैवेद्य कायचा करू?"

आता काय तोंड दाखवायचे? देवळात दिलेला शब्द असा हास्यास्पद झाला, तर यापुढे खऱ्या निरोपावर तरी विश्वास कोण ठेवणार, आणि विश्वास गेला की कापूसही गेलाच ना? माफी मागायला म्हणून वामनराव देवमनच्या वावरात पोचले, तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अख्खे गाव, लेकरांबाळांसह, हातात टाळ.

"बुवा, कोनता अभंग घ्याचा?" भगवंत टाळकऱ्याने विचारले. "अन् अळी कुठी बसली? आसन देल्लं का तिले?"

गाव हसत होते. पण मंडळी, गाव आले होते. अळीची माहिती द्यायला सरकारी माणूस आला की चार माणसे जमत नसत, आणि इथे... वामनरावांनी माफी पोटातच ठेवली, न उमलता चिकटून बसलेले एक फूल तोडले, उकलून आतली अळी दाखवली. मग काय, भजनाच्या चालीवर तासामागून तास, तशी फुले वेचून खड्ड्यात पुरली. देवमनचे वावर संपले तसे शेजाऱ्याचे, मग त्याच्या पलीकडचे. त्या हंगामात शिवार पांढरेशुभ्र फुटले.

त्या भजनाच्याच संध्याकाळी यास्मीन ओशाळून आली होती. "चाचाजी, खालच्या ओळी काढून टाकते."

"लिहेल हायेत ना बेटा, मंग काहून काढून राह्यली?"

इथे थांबले असते तर मी तुम्हाला कशाला बसवून घेतले असते? शेजारच्या गावाने तो प्रोग्राम मागून नेला. त्यांनाही वाटले, लिहिलेले आहे ना, मग पुन्हा कशाला? त्यांनी नंबर तेवढे बदलले... देवमनचे नावसुद्धा तसेच. पुढच्या श्रावणात त्यांच्याकडे अळी दिसली आणि ते गाव सहकुटुंब, टाळांसह, देवमनच्या दारी. दुर्गाबाई पिठाचा डबा घेऊन मदतीला निघाल्या. देवमनने चुलीवर मोठे भगुणे चढवले आणि वामनरावांकडे पाहून म्हणाला, "अळी त्यायच्या वावरात, अन् पंगत माह्या घरी."

तर ऐकणाऱ्या मायबापांनो, तुमच्या शिवारात बोंड निरोगी फुटो, घरोघरी चूल पेटती राहो, आणि दारी आलेला कोणीही, बोलावलेला असो वा चुकून आलेला, उपाशी न परतो.