पोटातली गुहा

दोष मामांचा! आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी माझ्या पोटाला बोल लावू नका. तुम्हाला सांगतो, महिनाभर पोटात जळजळ, शेवटी दुर्बीण घालून तपासणी झाली, शनिवारी रिपोर्ट हातात आला आणि डॉक्टरीणबाई भेटणार सोमवारी. ठेवायचा की नाही मग कपाटात गपचूप? पण आईचे हे मोठे भाऊ, तीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत प्रुफं तपासलेली, आता निवृत्त, म्हणजे दिवसभर मोकळे! लिफाफा फाडला, चष्मा पुसला, आणि... "कसं आहे बाळ, माणसानं मुळाशी जावं."

गेले मुळाशी!

"अँट्रम. मूळ ग्रीक. अर्थ, गुहा." आईच्या हातातलं पातेलं खाली. "अरे दादा, पोटात गुहा?" "लिहिलंय ना, अँट्रमला लाली आहे. आणि पायलोरस म्हणजे द्वारपाल. द्वारपाल उघडा." "म्हणजे रे काय?" "पळाला असणार, अगं."

आता मी बारावीनंतर सहा महिन्यांत कॉलेज सोडलेला, मला काय कळतंय? मला खरंच आत वारा घुमल्यासारखं वाटायला लागलं! आणि मामा थांबतात होय? "स्टमक हा शब्द मुळात तोंडावरून आला. मग घसा, मग सरकत सरकत पोट. लॅटिनमध्ये तर रागालासुद्धा हाच शब्द. कॉलेज सोडताना बापावर ओरडलास ना? ते बघ कुठं जाऊन बसलं!" म्हणजे मरायचं ते मरायचं, वर चूकही माझीच! या म्हाताऱ्यांना तुमच्या मरणातसुद्धा स्वतःचं बरोबर ठरवायचं असतं.

रविवारी मावशी येऊन रडून गेली. आई माझ्या जेवणात मीठही घालेना. आणि संध्याकाळी बाबा उशाशी येऊन बसले. सात महिन्यांत पहिल्यांदा टोमणा नाही! नुसते बसले, माझ्या पायावर हात ठेवून. तिथंच माझा घात झाला. म्हणालो, "बाबा, वाचलो तर कॉलेजला परत जाईन." तुम्हाला सांगतो, अगदी उदार मनानं बोललो, कारण शब्द पाळायची वेळ येणारच नव्हती! तर बाबांनी शर्टाच्या खिशातून घडी काढली. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म! सात महिने खिशात ठेवून घड्यांवर फाटायला आलेला. "इथं सही कर." सही होईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, नंतर कुठं गेलं देव जाणे.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, मामांकडं बघितलं. "अहो, ही गुहा सगळ्यांना असते. पोटाच्या खालच्या भागाचं नाव आहे ते. आणि ते दार उघडं असतं म्हणून तर अन्न पुढं जातं! साधी ॲसिडिटी आहे. चहा कमी करा."

साधी! दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि वेड्यासारखा हसलो. समोरचा ट्रॅफिकचा धूरसुद्धा गोड लागला हो! आई हसतेय, बाबा हसताहेत, आणि मामा? "तरी मी म्हणत होतो, मुळाशी..." त्या दिवशी त्यांनाही माफ केलं. दहा मिनिटं. तेवढ्यात बाबांनी रिक्षा थांबवली आणि चालकाला कॉलेजचा पत्ता सांगितला.

पोट आता उत्तम आहे. लागल्या चौदा गोळ्या आणि कॉलेजची तीन वर्षं.