भुरी गाभण हाय

व्हय की, उघडा तिचं तोंड, बगा दात — तुमी शेळी घ्यायला आलाय म्हणल्यावर बगणारच. पर दादा, दोन दात पडल्यात म्हणून भुरीला म्हातारी म्हणू नका, माजं तर समदंच पडल्यात आन मी अजून वस्तीवरनं वळसंगच्या बाजाराला पायी जाते. हसा, हसा. आमची ऋतुजा — माज्या धनाजीची पोरगी, सोलापुरात कालिजात प्राण्यांचंच शिकली — ती ह्यावर लई सांगती. उंदीर दोन वर्सांत खलास, आन तेवढंच वाघूळ तीस-तीस वर्सं जगतंय — का, सांगा? उंदराला आज न्हाय उद्या मांजर खाणारच, मग त्येचं अंग टिकाऊ असून उपेग काय? त्यापरीस बिगीबिगी पिल्लं काढलेली बरी. वाघूळ उडून जातंय, सापडत न्हाय, म्हणून त्येचं अंग टिकाऊ. कुणी बसून ठरवलं न्हाय बरं का, लाखो वर्सं निवड हुत हुत असं झालं म्हंती.

मी म्हणलं, मग माजी कूस बंद होऊन पंचवीस वर्सं झाली, मी कशी टिकले? तर म्हंती, आजी, तू मला वाढवलीस की. म्हातारी नातवंडं सांभाळती, ती जगत्यात, म्हणून बाईला पुडचं आयुष्य मिळालं — असं काई शास्त्रज्ञ म्हणत्यात, समद्यांना पटलेलं न्हाय. मला पटलं. शेळीचं काय, म्हणलं. शेळीला असलं काय न्हाय म्हणाली. पोरगी खोटं बोलत न्हाय, माज्यावर गेली न्हाय ती.

पोट कशाला चाचपताय? — बरं, चाचपा. कळलंच असंल तुमाला. रिकामंच हाय. धनाजी सोलापुरात नवी पेठंत रिक्षा चालवतोय, त्येला शेळीतलं काय कळतंय? तीन वर्सं त्येला सांगते, भुरी गाभण हाय. मग म्हणते गाभडली, मग पुना गाभण. औंदा त्यो ऐकंना, तुमाला घिऊनच आला. खोटं बोलले, व्हय. ऋतुजा आयतवारी हैदराबादला चालली, म्होरलं शिकायला. मोप शिकू दे, मला आनंदच हाय — पर ज्या कामाला मी टिकले ते काम आयतवारी सरतंय. मला भ्या वाटतंय, दादा. आज भुरीला नेली, तर ह्या घरात बिनकामाची मी एकलीच उरते.

गाभण शेळी तुमी कापायला न्हेत न्हाय न्हवं? मग तेवढंच म्हणायचं. एवडी वर्सं हातानं पोटं चाचपलेला माणूस, तुमचं कोण खोटं म्हणंल? — गप, आला त्यो, रिक्षा लावून. ये रं धनाजी. दादांनी बगितलं नीट. मला कशाला इचारतोस, त्येंनाच इचार की.