वीस फुटांची आग

(अमेरिकेतलं ॲन आर्बर. रविवारची दुपार. गिरिजाच्या टेबलावर भुयाराचा नकाशा आणि फासे. गिरिजा खेळ चालवते आहे. तिचा मित्र सिद्धेश जादूगार झालाय, आणि नागपूरहून आलेली तिची आई, शोभाकाकू, ठकू नावाची चोर.)

सिद्धेश: नाही नाही, थांब. माझा चाळीस फूट रुंद आगीचा गोळा पाच फुटांच्या भुयारात मावेल कसा?

गिरिजा: भिंतीपाशी थांबतो. लांबीत दोन्हीकडे वीस-वीस फूट, बास. रूल आहे.

सिद्धेश: यार, मी पीएचडी कशात करतोय? आगीतच ना? तिला जागा नाही मिळाली की ती लांब पळते.

शोभाकाकू: बरोबर बोलून राहिला तो.

गिरिजा: आई, तू त्याची बाजू घेऊ नकोस!

शोभाकाकू: अगं, तीस वर्षं गणित शिकवलं मी. घनफळ जाईल कुठं? काढ रे, सिद्धेश.

सिद्धेश: काढलं. साडेतेहतीस हजार घनफूट. भुयार पाच बाय पाच. म्हणजे तेराशे चाळीस फूट लांब आग! आपण ज्याच्या मागे आहोत तो राक्षस चारशे फुटांवर पळालाय ना? खलास!

गिरिजा: बरं बाबा, जिंकलास. आग सहाशे सत्तर फूट जाते.

सिद्धेश: येस!

गिरिजा: तिकडे. आणि तेवढीच इकडे. तुम्ही दोघं गोळ्यापासून किती लांब आहात?

सिद्धेश: ...साठ फूट.

शोभाकाकू: अगं बाई!

गिरिजा: जादूगार होरपळेल, पण वाचेल. आई, तुझ्या ठकूच्या जीवाचे सहाच पॉइंट उरलेत.

शोभाकाकू: म्हणजे मेली?

गिरिजा: मेली.

शोभाकाकू: असं कसं? सहा रविवार झाले, सांभाळून राहिली मी तिला. मंगळवारी माझं विमान आहे. तिला बाहेर तरी काढू दे गं!

गिरिजा: मला नको, याला सांग. चुकलं म्हणाला तर रूलप्रमाणे वीस फूट. ठकू वाचेल, राक्षस सुटेल.

सिद्धेश: पण चुकलेलं नाहीये यार! आकडा करेक्ट आहे!

गिरिजा: मग आग येतेय.

शोभाकाकू: जाऊ दे. गणित आहे ते, माझ्यासाठी थोडंच बदलेल? टाक फासे. मी डोळे मिटते.

सिद्धेश: काकू, रडताय?

शोभाकाकू: छे, हसून राहिली मी. या वयात कागदावरच्या पोरीसाठी जीव कासावीस होतोय, हसू नको तर काय करू?

सिद्धेश: ...गिरिजा.

गिरिजा: बोल.

सिद्धेश: चुकलं माझं.

गिरिजा: काय? जोरात बोल. तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय.

सिद्धेश: चुकलं म्हटलं ना! वीस फूट. लिही तिथे.

गिरिजा: लिहिलं. राक्षस सुटला.

सिद्धेश: सुटू दे.

शोभाकाकू: अरे, पण गणित बरोबर होतं तुझं.

सिद्धेश: माहितीये हो, काकू. हळू बोला, गिरिजा ऐकेल.