घंटा कधी वाजवायची

दवाखान्यात नंबर लागायला अवकाश होता. मांडीवर बाळ झोपलं होतं आणि त्याला थोपटता थोपटता आईचेही डोळे मिटत होते. मागच्या बाकावर दोन शिक्षिका शाळेतल्या स्पेलिंग स्पर्धेचे नियम लिहीत बसल्या होत्या.

"एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येणार नाही. लिहिलंस?"

"लिहिलं, बाई."

"शब्द पुरा करायला एक मिनिट. मग घंटा."

"मिनिटभर तर माझी लेक पहिल्याच अक्षरावर असते, बाई. अडखळते ना ती."

"अगं बाई, विसरलेच! तिला कागदावर लिहू देऊ."

"नको म्हणते. सगळ्यांसमोर बोलायचंय तिला. डोळे मिटले की अक्षरं ढगांसारखी सावकाश येतात म्हणे."

पुढच्या बाकावर आईचा थोपटणारा हात थांबला; डोळे उघडून ती ऐकू लागली.

"मग ते मिनिट खोड."

"तिच्या एकटीसाठी?"

"सगळ्यांसाठी. मुलाने 'झालं' म्हटल्याशिवाय घंटेला हात लावायचा नाही."

"एकच अक्षर तीनदा आलं तर?"

"अडखळून आलं, तर एकदाच धरायचं."

"पोरं चुळबुळ करतील."

"करू देत. माझ्या तासाला रोजच करतात."

"शाळा सुटायची वेळ होईल, बाई."

"शिपाईमामांकडून किल्ली मागून ठेवते. तू लिही. आणि डोळे पूस आधी, शाई फिसकटेल."