रुखवतातला मोर

बारामतीच्या स्टँडवर इंदापूर गाडीची वाट बघत तेजश्री क्रोशाचा रुमाल विणत बसली होती. मागच्या बाकावर दोघीजणी मोठमोठ्यानं बोलत होत्या.

"प्रयागबाई, सुनंचं रुखवत बगितलं बरं का. तोरण काय, टीव्हीचं कव्हर काय, आन् त्यो मोर! समदं तिनंच इनलंय?"

"तर! आमच्या राजनंदिनीच्या हातात कलाच हाय. मोराच्या पिसाऱ्यात समदं डोळं हिरवं, एकच निळा. दिष्ट लागू नये म्हनून मुद्दाम केलाय म्हनली."

तेजश्रीची सुई थांबली.

"आदी पिंपळीचं स्थळ आलं हुतं न्हवं?"

"आलं हुतं. पर ती पोरगी असलंच इनून इकती म्हनं. पिशवी घिऊन दारोदार हिंडनारी सून काय करायचीय? फोटूबी न बगता माघारी धाडला."

प्रयागबाईंनी मागून वाकून बघितलं.

"ब्येस इनतीस गं पोरी. सोताच्या रुखवताचं का?"

"न्हाय मावशी, इकायला."

"आगं बया! कुठली तू?"

"पिंपळीची. त्या मोराला हिरवा दोरा पुरला न्हाय, मावशी. म्हनून एक डोळा निळा केला."