एका हेडफोनात दोन डोकी

शफीक : ॲम्प्लिफायर गरम होऊ दे जरा. व्हॉल्व्हच्या काचा थंड असताना फैसला करायचा नाय, तात्या.

तात्यासाहेब : माझा कधीचाच लाल झालाय. तुझ्या अमेरिकी व्हॉल्व्हलाच उठायला उशीर.

शफीक : त्याला सबर हाय. निजामावरच्या पोलीस ॲक्शनमधी अब्बांनी रेडिओ खोलून एवढा एकच व्हॉल्व्ह ज्वारीच्या कणगीत लपवला. रेडिओ गेला, हा राहिला.

तात्यासाहेब : म्हणून तर अजून ज्वारी निवडल्यागत खरखर करतो. माझा विलायती बघ. ग्रामपंचायतीच्या रेडिओतला. अख्ख्या गावानं बाजारभाव ऐकलेत त्याच्यावर.

शफीक : तरीच घासाघीस करत गातो.

द्वारकाबाई : अहो, किती भांडाल? शफीकभाई, उद्या तुम्ही घर सोडून पोराच्या फ्लॅटवर शेंद्र्याला चाललात. सामान बांधायचं सोडून हे काय मांडलंय दोघांनी?

शफीक : वहिनी, ह्याच सामानाचा झगडा हाय. हा ॲम्प्लिफायर आम्ही दोघांनी मिळून बनवला. एक व्हॉल्व्ह ह्याचा, एक माझा. आता कुणाच्या घरी ऱ्हाणार? ठरलंय असं, ज्याचा व्हॉल्व्ह सरस, त्याचं यंत्र.

द्वारकाबाई : अन् सरस कोणचा ते कोण सांगणार?

तात्यासाहेब : तू.

द्वारकाबाई : मी? मला त्यातलं काय कळतंय?

तात्यासाहेब : दोन्ही कान शाबूत असलेलं माणूस घरात तूच हायेस. माझा डावा चिकलठाण्याला कंपनीत प्रेसच्या मशीननं खाल्ला. ह्याचा उजवा लग्नाच्या मांडवात गेला, स्वतःच्याच भोंग्याखाली बसून.

शफीक : लाउडस्पीकरचा धंदा होता, वहिनी. मांडवात भोंग्याखालीच तेवढी सावली मिळायची.

द्वारकाबाई : म्हणून रोज संध्याकाळी एका हेडफोनात दोन मुंडकी घालून बसता व्हय. मला वाटायचं, दुसरा घ्यायला जीव होत नाय.

तात्यासाहेब : दुसरा कशाला? माझा उजवा कान, ह्याचा डावा. गालाला गाल लावून बसलं की मिळून एक माणूस होतो. ज्याचा व्हॉल्व्ह, त्याच्या कानाला.

द्वारकाबाई : एकमेकांचा कधी ऐकलाच नाय?

शफीक : तौबा. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह कानाला लावणं म्हंजे दुसऱ्याचा चष्मा घालणं. नंबर बिघडतो.

द्वारकाबाई : अन् रेकॉर्ड? ती तरी बदलायची. घासून घासून तिचं तोंड पांढरं पडलंय.

तात्यासाहेब : तुलना करायची तर प्रश्नपत्रिका एकच लागती. आज हिला, उद्या तिला ऐकलं, तर चूक गाणाऱ्या बाईची का व्हॉल्व्हची, कसं कळणार? बस हितं. हा टॉवेल बांध डोळ्याला.

द्वारकाबाई : टॉवेल कशापायी? मी कानानं ऐकणार हाय ना?

तात्यासाहेब : दिसलं की पक्षपात होतो. तू माझी बायको हायेस, माझंच नुकसान होईल.

शफीक : बरोबर बोलला. वहिनी, गौर से सुनो. माझ्या व्हॉल्व्हमधी ठेका बघा. बोटाचं चामडं ऐकू येतं. असा तबला हिंदुस्थानात कुणाच्या व्हॉल्व्हमधी नाय.

तात्यासाहेब : तबला काय घेऊन बसलास. गळा बघ, गळा. बाई श्वास घेती तो पण मोजून घ्यावा. ह्याचा व्हॉल्व्ह तबल्यातच अडकला, माझा बाईपर्यंत पोचला.

शफीक : बाईच्या मागं सगळेच पोचतात. ठेका धरायला अक्कल लागते.

द्वारकाबाई : गप बसा दोघंबी. काय ऐकू येईना तुमच्यामुळं. अन् हा हेडफोन खोबरेल तेलानं बुळबुळीत झालाय.

(रेकॉर्ड लागते. तात्यासाहेब भिंतीवरचं घड्याळ बघतात.)

तात्यासाहेब : झालं ना गाणं? काढ आता.

द्वारकाबाई : थांबा.

तात्यासाहेब : अगं, बाई गप झाली असंल आत्तापर्यंत.

द्वारकाबाई : थांबा म्हणते ना. ...हं. आता झालं. हा काढा टॉवेल.

शफीक : बोला वहिनी. अल्ला को हाजिर समझके.

द्वारकाबाई : ही बाई एका कानात गाती, अन् तबला दुसऱ्या कानात वाजतो.

शफीक : तेच तर म्हणतो. त्याचा व्हॉल्व्ह गळ्याचा, माझा ठेक्याचा.

द्वारकाबाई : व्हॉल्व्हचा काय संबंध? रेकॉर्डच तशी हाय. हे बघा, पाकिटावरच छापलंय, स्टिरिओ, म्हंजे एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला तबला. मग काय पाकिटातबी व्हॉल्व्ह हायेत?

तात्यासाहेब : म्हंजे... शफीकच्या बाजूला बाई नायच?

द्वारकाबाई : नाय. अन् तुमच्या बाजूला तबला नाय.

तात्यासाहेब : मला वाटायचं, ह्याचा व्हॉल्व्ह बाईला गिळतो.

शफीक : मला वाटायचं, ह्याला तालाचं वावडं हाय. बिनतबल्याचं गाणं ऐकून मान कशी काय हलवतो हा माणूस.

द्वारकाबाई : इतकी वर्षं भांडलात ते ह्याच्यावर? आता निकाल काय देऊ मी?

तात्यासाहेब : काय तरी दे. उद्या ट्रक येतोय त्याचा.

द्वारकाबाई : खरं सांगा, तुम्हाला ते यंत्र एवढं कशाला पाहिजे?

तात्यासाहेब : यंत्र हितं असलं तर ह्याला यावं लागंल. नसलं तर शेंद्र्याहून हा कशाला येतोय इकडं, माझं थोबाड बघायला?

शफीक : उलटं बोलतोस तू. यंत्र तुझ्या घरात राहिलं तर तुझं भागलं. मग मला बोलवशील कशाला? माझ्याजवळ असलं तर तू बस पकडून येशील, असा हिसाब होता माझा.

द्वारकाबाई : एवढी दोन वाक्यं बोलायला टॉवेल लागला तुम्हाला.

शफीक : वहिनी, आता काय राहिलं. मी नेलं तर एका कानानं मला नुसता तबला. ह्याच्याकडं राहिलं तर ह्याला नुसती बाई.

तात्यासाहेब : मग नेऊ नको. ठेवूबी नको.

शफीक : तात्या, एक बात पूछूं? हसायचं नाय.

तात्यासाहेब : विचार.

शफीक : ती बाई गाते काय?

तात्यासाहेब : म्हंजे?

शफीक : मला तिचा एक शब्द ठाऊक नाय. तू डोळे पुसायचास, मला वाटायचं व्हॉल्व्हची आंच लागली.

तात्यासाहेब : नवऱ्याची वाट बघती. दिवा लावून बसलीय दारात. म्हणती, उंबरा झिजला पर तुझं पाऊल नाय.

शफीक : मग येतो का तो?

तात्यासाहेब : नाय रे. दिव्यातलं तेल संपलं म्हणती, अन् तिथंच गप होती. पुढं काय नाय. मी हेडफोन सोडून चहाला उठतो.

शफीक : पुढं काय नाय?

तात्यासाहेब : काय असणार? आवाज बंद. तूच तिथं डुलक्या घेत बसलेला असतोस.

शफीक : डुलक्या नाय, तात्या. तिथंच तर खरा तबला सुरू होतो. आधी लांबून, धीमा. मग जवळ. मग एकदम दारात आल्यासारखा.

तात्यासाहेब : कोण दारात आल्यासारखा?

शफीक : ते मला कसं कळणार? मला तर कुणी वाट बघतंय हेच आज कळलं.

तात्यासाहेब : द्वारका, चहा टाक. शफीक, सरक इकडं. परत लाव ती, अन् बाई गप झाली की तो दारात कसा येतो ते मला टेबलावर वाजवून दाखव.