रेषेवर न बसलेल्या पेशी

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मृणालिनीबाई, आणि भाषणांनंतर बटाटेवडे आहेत या श्रद्धेने बसलेले श्रोतेहो,

मी गणिताचा, बाई जीवशास्त्राच्या. पार्ल्यातल्या या कॉलेजात अकरा वर्षं आम्ही एकाच प्रश्नामागे होतो: यीस्टच्या एका पेशीच्या दोन कधी होणार, हे आधी सांगता येईल का? बाई सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, मी समीकरण मांडायचो. मांडताना पुटपुटायची मला सवय. संस्कृतच्या पाठांतराची देणगी. बाई म्हणायच्या, "अहो विद्याधर, इथे पेशींचा काडीमोड चाललाय, मंगलाष्टकं कसली म्हणताय?"

त्यांचे आकडे माझ्या आलेखाच्या रेषेवर अलगद येऊन बसायचे. दोघांच्या नावाने शोधनिबंध छापून आला. मला वाटलं, निसर्गालाही गणित आवडतं.

गेल्या सोमवारी, आजच्या समारंभासाठी जुने फोटो हवेत म्हणून बाईंचं कपाट उघडलं. किल्ली त्यांनीच दिली होती. फोटोंखाली एक वही. वर त्यांच्या सुरेख अक्षरात, 'विद्याधर यांना दाखवू नये.' एवढं वाचून कोण थांबेल, सांगा? आत होत्या रेषेवर न बसलेल्या पेशी. साखर भरपूर, तरी तासन्‌तास अडून राहिलेल्या. दर सहातली एक. तारीखवार, अकरा वर्षांच्या.

वही घेऊन प्रयोगशाळेत गेलो. बाई काचेच्या बशा धूत होत्या. नळ तसाच वाहत होता.

"पहिल्या वर्षी दाखवल्या होत्या तुम्हाला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस डबा उघडला नाहीत. म्हटलं, कशाला पुन्हा?"

खरं आहे. डब्यात वालाचं बिरडं होतं, तेही फुकट गेलं. पण बाई, त्या अडल्या का, हाच तर प्रश्न होता! तो तुमच्या कपाटात बंद, आणि मी बाहेर उत्तर मिरवत हिंडतोय. शब्दांत थापा मारल्या असत्यात तर ओळखल्या असत्या. स्टाफरूममध्ये तेवढा सराव होतो. आकड्यांवर मी कधी संशय घेतला नाही. तुमच्या तर नाहीच.

आजच्या दिवशी गोड बोलायचा संकेत आहे, म्हणून एवढंच: बाईंनी पेशी लपवल्या, पण एकही फेकली नाही.

बाई, शाल-श्रीफळाखाली एक पाकीट आहे. निबंध मागे घेत असल्याचं पत्र, माझ्या सहीचं. शेजारची जागा रिकामी आहे. पेन मी आणलंय. वही मात्र परत मिळणार नाही. उद्यापासून ती मला लागेल.

शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही राहून गेलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. मुद्दाम गाळलेलं काही नाही.